मायक्रोइमल्शन पॉलिमरायझेशन: ३० नॅनोमीटरचे कण आणि पहिल्या अर्ध्या तासावरची नजर

सूक्ष्मकण (धागाकर्ता)

पॉलिमरचे नॅनोकण बनवण्याच्या पद्धतींवर मराठीत सलग, आकड्यांसकट लिहिलेलं फारसं सापडत नाही, म्हणून हा धागा. विषय एकच घेतो: स्टायरीनचं तेल-पाण्यातलं मायक्रोइमल्शन आणि त्याचं पॉलिमरायझेशन. एमएमए (मेथिल मेथाक्रिलेट), ब्यूटाइल अॅक्रिलेट वगैरे दुसरे मोनोमर (पॉलिमरचे सुटे घटक रेणू) प्रतिसादांत येऊ द्या.

आधी एक गोंधळ दूर करू. मायक्रोइमल्शन आणि मिनीइमल्शन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मिनीइमल्शनला अल्ट्रासाउंड किंवा होमोजिनायझर लागतो, थेंब टिकावेत म्हणून हेक्झाडेकेनसारखं काहीतरी घालावं लागतं आणि कण साधारण ५० ते ५०० नॅनोमीटरचे मिळतात. मायक्रोइमल्शन आपोआप तयार होतं, पारदर्शक असतं आणि ऊष्मागतिकीच्या दृष्टीने स्थिर असतं. त्यातले फुगलेले मिसेल, म्हणजे आत तेल सामावलेले साबणाच्या रेणूंचे गोळे, ५ ते १० नॅनोमीटरचे असतात. प्रोब सोनिकेटर लावून 'मायक्रोइमल्शन केलं' असं कोणी म्हणालं, तर ते बहुधा मायक्रोइमल्शन नसतं.

२०० ग्रॅमच्या बॅचसाठी साहित्यात बरंच वापरलं गेलेलं प्रमाण:

पाणी (डीआयोनाइज्ड) १६४.५ ग्रॅम
एसडीएस (सोडियम डोडेसिल सल्फेट; सर्फॅक्टंट, म्हणजे साबणासारखा पदार्थ) १८.१ ग्रॅम
१-पेंटॅनॉल (को-सर्फॅक्टंट, म्हणजे सर्फॅक्टंटचा जोडीदार) ७.७ ग्रॅम (साधारण ९.५ मिली)
स्टायरीन ९.७ ग्रॅम (साधारण १०.७ मिली)
पोटॅशियम परसल्फेट, म्हणजे केपीएस (इनिशिएटर, म्हणजे अभिक्रिया सुरू करणारा), ०.१ ग्रॅम

वजनाच्या टक्क्यांत पाणी ८२.२५, एसडीएस ९.०५, पेंटॅनॉल ३.८५, स्टायरीन ४.८५. तापमान ७० अंश सेल्सियस.

स्टायरीनमध्ये टीबीसी हा इनहिबिटर (पॉलिमर होऊ न देणारा पदार्थ) १० ते १५ पीपीएम असतो. १० टक्के कॉस्टिकने दोन-तीनदा धुवा, मग पाणी लिटमसला उदासीन येईपर्यंत साध्या पाण्याने धुवा आणि निर्जल सोडियम सल्फेटवर वाळवा. बेसिक अॅल्युमिनाच्या छोट्या कॉलममधून काढलं तरी चालतं, कॉलमच्या माथ्यावर पिवळा पट्टा अडकलेला दिसतो. साफ केलेलं स्टायरीन ४ अंशांवर ठेवा आणि लवकर वापरा.

मिसळण्याचा क्रम महत्त्वाचा. ५ मिली पाणी केपीएससाठी बाजूला काढा. उरलेल्या पाण्यात एसडीएस सावकाश विरघळवा, फेस होऊ देऊ नका. स्टायरीन घातलं की दुधाळ होतं. आता पेंटॅनॉल ब्यूरेटने थेंब-थेंब सोडा. एका ठरावीक थेंबाला सगळं एकदम काचेसारखं स्वच्छ होतं, तो आकडा लिहून ठेवा. तीच तुमच्या एसडीएसच्या लॉटची सीमारेषा. प्रमाण ठरवताना तिच्या थोडं आत या, अगदी रेषेवर काम करू नका.

ढवळणं २०० ते ३०० आरपीएम पुरे. स्टायरीनचा ज्वलनबिंदू ३१ अंश आहे, त्यामुळे सगळं फ्यूम हूडमध्ये. केपीएस ऑक्सिडायझर आहे, पेंटॅनॉलच्या बाटलीशेजारी ठेवू नका.

---

तापमापी

उत्तम सुरुवात. एक भर घालतो. खोलीच्या तापमानाला स्वच्छ दिसणारं मिश्रण ७० अंशांना स्वच्छ राहीलच असं नाही. इनिशिएटर घालण्याआधी ५ मिली नमुना बंद कुपीत ७० अंशांच्या बाथमध्ये अर्धा तास ठेवून बघावा. धूसर झाला, तर प्रमाण बदलायचं. आयनिक सर्फॅक्टंटमध्ये तापमानाचा परिणाम त्या मानाने सौम्य असतो, पण इथॉक्सिलेट प्रकारचे नॉन-आयनिक वापरले की अख्खा फेज डायग्रामच सरकतो.

खालच्या बाजूलाही लक्ष हवं. एसडीएसचा क्राफ्ट बिंदू (ज्या तापमानाखाली तो पाण्यात नीट विरघळत नाही) १६ अंशांच्या आसपास आहे. पुण्यात डिसेंबरच्या रात्री पारा त्याखाली उतरतो. सकाळी चंबूत पांढऱ्या सुया दिसल्या तर मायक्रोइमल्शन फुटलं असं समजू नका. २५ ते ३० अंशांना आणून हलवलं की परत स्वच्छ होतं.

---

उकळबिंदू

याच सुयांचं दुसरंही कारण असतं, आणि ते बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही: केपीएसमधलं पोटॅशियम. पोटॅशियम डोडेसिल सल्फेटचा क्राफ्ट बिंदू सोडियमच्या क्षारापेक्षा बराच वर, ३०-३५ अंशांच्या घरात आहे. त्यामुळे अभिक्रियेत काहीच दिसत नाही आणि लॅटेक्स (पाण्यात तरंगणाऱ्या पॉलिमर कणांचं मिश्रण) गार झाला की स्फटिक बसतात. अमोनियम परसल्फेट घेतलं की हा प्रश्न राहत नाही. साध्या नळाच्या पाण्यात कॅल्शियम असतं, त्यानेही एसडीएस खाली बसतं.

सीटॅब किंवा डीटॅबसारखा कॅटायनिक (धनभारित) सर्फॅक्टंट असेल तर परसल्फेट वापरूच नका. परसल्फेट आणि सीटॅबचा धन आयन मिळून अविद्राव्य क्षार होतो आणि इनिशिएटर तिथेच अडकतो. तिथे व्ही-५० हा इनिशिएटर घ्या. तो पाण्यात विरघळतो, धनभारित आहे आणि त्याचं १० तासांचं अर्धायुष्य ५६ अंशांना येतं. केपीएसचं अर्धायुष्य ७० अंशांना सुमारे ८ तास आहे, म्हणजे तासाभराच्या अभिक्रियेत त्यातला थोडाच भाग खर्च होतो.

---

नवा_नमुना

माहितीपूर्ण धागा. दोन प्रश्न आहेत. नायट्रोजन किती वेळ सोडायचा? मिश्रणातून थेट सोडला तर फेस चंबूच्या गळ्यापर्यंत येतो. आणि इनिशिएटर घातल्यावर पहिली दहा-पंधरा मिनिटं काहीच न होण्याचं कारण काय असतं?

---

सूक्ष्मकण

९ टक्के एसडीएसमधून बुडबुडे सोडले तर फेस येणारच. त्याशिवाय नायट्रोजनबरोबर स्टायरीन आणि पेंटॅनॉलही उडून जातं, म्हणजे तुमचं प्रमाणच बदलतं. म्हणून पाणी एसडीएस घालण्याआधी अर्धा तास नायट्रोजनने धुवायचं, स्टायरीन-पेंटॅनॉल वेगळं, थंड ठेवून पाच-सात मिनिटं. मिसळल्यानंतर नायट्रोजन फक्त द्रवाच्या वरून, हळू. कंडेन्सरमध्ये गार पाणी हवं. याहून काटेकोर काम हवं असेल तर गोठवा, व्हॅक्यूम लावा, वितळवा, असं तीनदा करा. गोठवल्याने मायक्रोइमल्शन विस्कटतं, पण तापमानाला आल्यावर पुन्हा जुळतं. इमल्शन आणि मायक्रोइमल्शनमधला फरक इथे प्रत्यक्ष दिसतो.

सुरुवातीच्या शांततेची कारणं बहुतेक दोनच असतात: उरलेला ऑक्सिजन आणि उरलेला इनहिबिटर. केपीएसचं ५ मिली द्रावणसुद्धा नायट्रोजनने धुतलं पाहिजे, हे हटकून विसरलं जातं. हे थंड द्रावण सोडल्यावर चंबूतलं तापमान साधारण १ अंशाने उतरतं, त्याची नोंद ठेवा.

शांतता प्रत्येक बॅचला वेगळी येत असेल, तर त्या बॅचच्या गतीच्या आकड्यांची आपसांत तुलना करू नये.

---

बाष्पगती

आता देखरेखीबद्दल, कारण खरी अडचण तिथे आहे. या अभिक्रियेत बहुतेक सगळं पहिल्या तासाभरात उरकतं. दर अर्ध्या तासाला एक नमुना ही साध्या इमल्शनची सवय इथे निरुपयोगी आहे. पहिला अर्धा तास दर ३ मिनिटांनी नमुना हवा. त्यासाठी कुपी, सिरिंज, वजनं सगळं आधीच मांडून ठेवावं लागतं.

वजनाने रूपांतर (मोनोमरचा किती भाग पॉलिमर झाला) काढण्याची पद्धत साधी वाटते, पण या प्रमाणात ती फसवते. हिशेब करा. शून्य रूपांतराला न उडणारा भाग ९.१ टक्के (जवळपास सगळा एसडीएस), पूर्ण रूपांतराला १३.९५ टक्के. सगळा खेळ या ४.८५ टक्क्यांत. १ ग्रॅम नमुना वाळवला आणि वजनात १० मिलिग्रॅमची चूक झाली, तर रूपांतरात २० टक्क्यांची चूक. ती होतेच, कारण पेंटॅनॉल १३८ अंशांना उकळतं, स्टायरीन १४५ ला आणि दोन्ही एसडीएसच्या घट्ट थरात अडकून बसतात.

म्हणून ५ ग्रॅम नमुना घ्या आणि ५० मिली गार मेथॅनॉलमध्ये ओता. मेथॅनॉलमध्ये थोडं हायड्रोक्विनोन आधीच विरघळलेलं असू द्या. पॉलिस्टायरीन खाली बसतं, एसडीएस-पेंटॅनॉल-मोनोमर द्रवात राहतं. नुसताच धूसर पडदा राहिला, साका बसला नाही, तर मिठाच्या द्रावणाचे काही थेंब घाला. गाळा, मेथॅनॉलने आणि कोमट पाण्याने धुवा, ६० अंशांना व्हॅक्यूममध्ये वजन स्थिर होईपर्यंत वाळवा. नमुन्याचं वजन ०.१ मिलिग्रॅमपर्यंत.

हायड्रोक्विनोनबद्दल महत्त्वाचं: ते नीट काम करायला ऑक्सिजन लागतो. नायट्रोजनखालच्या बंद कुपीत नमुना हायड्रोक्विनोनवर टाकून निर्धास्त राहू नका. उघड्या हवेत, गार मेथॅनॉलमध्ये टाका.

---

रामन_रेषा

ज्यांच्याकडे रामन प्रोब (विखुरलेल्या लेझर प्रकाशावरून रेणूंमधले बंध ओळखणारं उपकरण) आहे त्यांच्यासाठी ही अभिक्रिया फार सोयीची. पाण्याचा रामन सिग्नल क्षीण असतो. स्टायरीनच्या दुहेरी बंधाची रेषा १६३० प्रतिसेंटीमीटरला येते आणि अभिक्रियेबरोबर मावळते. बेंझीन वलयाची १००० ची रेषा मोनोमरमध्येही असते आणि पॉलिमरमध्येही, म्हणून तीच अंतर्गत मापदंड. दोन्हींच्या क्षेत्रफळांचं गुणोत्तर काढा, सुरुवातीच्या गुणोत्तराने भागा, एकातून वजा करा, रूपांतर मिळालं. लॅटेक्स निळसर-धूसर होत जातो तसा एकूण सिग्नल बदलतो, पण गुणोत्तरामुळे त्याचा फारसा त्रास होत नाही.

पथ्यं: सुरुवातीचं गुणोत्तर ७० अंशांनाच, केपीएस घालण्याआधी घ्या. एका मोजणीला ३० ते ६० सेकंदांपेक्षा जास्त वेळ देऊ नका, नाहीतर वेगाचं शिखर पुसट होतं. शेवटच्या ५ टक्के मोनोमरसाठी रामनवर विसंबू नका, तिथे हेडस्पेस जीसीच (द्रवावरच्या वाफेची गॅस क्रोमॅटोग्राफी) हवी. लॅटेक्स थेट जीसीत टोचला तर एसडीएसने लायनर खराब होतो.

---

तापमापी

प्रोब नसेल तर उष्णता मोजा. स्टायरीनच्या पॉलिमरायझेशनची उष्णता सुमारे ७० किलोज्यूल प्रतिमोल. ९.७ ग्रॅम म्हणजे ०.०९३ मोल, म्हणजे एकूण ६.५ किलोज्यूल. २०० ग्रॅम मिश्रणाची उष्माधारकता साधारण ८०० ज्यूल प्रतिअंश धरली, तर सगळी उष्णता आतच राहिली तरी तापमान जेमतेम ८ अंश चढेल. भडका उडण्याची भीती इथे नाही, पण सिग्नलही तितकाच लहान. ०.०१ अंश वाचणारा थर्मिस्टर आणि स्थिर जॅकेट हवं. काठाला बसवलेला पाऱ्याचा थर्मामीटर कामाचा नाही. नमुने काढत राहिलात तर वस्तुमान घटत जातं, ते हिशेबात धरा. शक्यतो उष्णता मोजायची बॅच वेगळी करा आणि नमुन्यांची वेगळी.

---

बाष्पगती

वरच्या आकड्यांना आता गतीचं मॉडेल जोडतो. साध्या इमल्शनमध्ये मधला एक टप्पा स्थिर वेगाचा असतो, कारण मोठे थेंब मोनोमरचा साठा पुरवत राहतात. मायक्रोइमल्शनमध्ये तसे साठे नाहीत. वेग चढतो, शिखर गाठतो आणि उतरतो, मधे सपाटी नाही. मॉर्गन आणि केलर यांनी १९९७ च्या सुमारास हेक्झाइल मेथाक्रिलेटवर काम करून मांडलेलं मॉडेल असं: (१ − रूपांतर) या आकड्याचा नैसर्गिक लॉगरिदम घ्या, तो ऋण 'ए' गुणिले वेळेचा वर्ग भागिले दोन इतका येतो. यात शिखर नेमकं ३९ टक्के रूपांतराला पडतं, आणि शिखराच्या वेळेच्या वर्गाचा व्यस्त म्हणजे 'ए'.

शिखर १२ मिनिटांना आलं असं धरा. मग मॉडेलप्रमाणे ६ मिनिटांना १२ टक्के, १२ ला ३९, १८ ला ६७.५, २४ ला ८६.५ आणि ३० ला ९५.६ टक्के. शिखरावरचा वेग मिनिटाला ५ टक्के, म्हणजे २०० ग्रॅमच्या चंबूत सुमारे साडेपाच वॉट. तुमच्या उष्णतामापनाची क्षमता या आकड्याशी ताडून बघा.

'ए' हा इनिशिएटरच्या प्रमाणात वाढतो. त्यामुळे केपीएस दुप्पट केलं की शिखराची वेळ निम्मी होत नाही, ०.७१ पट होते. मॉडेल लागू पडतं का ते तपासायची ही सर्वात स्वस्त चाचणी.

---

नवा_नमुना

स्टायरीनमध्ये शिखर ३९ ऐवजी २० ते २५ टक्क्यांनाच येतं असं बऱ्याच ठिकाणी दिसतं. मोजण्यात चूक, की मॉडेलमध्ये?

---

बाष्पगती

चूक कुठेच नाही. मॉडेलची गृहीतकं स्टायरीनला पुरती लागू होत नाहीत. त्यात धरलंय की कणातल्या मोनोमरची संहती रूपांतराबरोबर सरळ रेषेत घटते, आणि एका कणात दोन मूलकं (साखळी वाढवणारे क्रियाशील रेणू) भेटून साखळी संपण्याचं प्रमाण नगण्य आहे. स्टायरीनचं मिसेल आणि कणांमधलं वाटप सरळ रेषेत नसतं, शिवाय साखळी संपणंही अगदी नगण्य नाही. म्हणून शिखर अलीकडे सरकतं. पण आधी ती सुरुवातीची शांतता वेळेतून वजा केली आहे ना, हे पाहा. शून्य क्षण चुकला तर वर्गामुळे सगळा आलेख वाकतो.

---

कणगणक

कणांच्या बाजूने थोडा हिशेब, कारण या पद्धतीची ताकद आणि मर्यादा दोन्ही त्यात आहेत.

३० नॅनोमीटर व्यासाचा पॉलिस्टायरीनचा एक कण: आकारमान १.४ × १०⁻¹⁷ घनसेंमी, घनता १.०५, वस्तुमान १.५ × १०⁻¹⁷ ग्रॅम. अॅव्होगॅड्रो संख्येने गुणलं की अख्ख्या कणाचा 'रेणुभार' सुमारे ९० लाख. या पद्धतीत साखळ्यांचा रेणुभार सहज ३०-४० लाखांच्या घरात जातो. म्हणजे एका कणात फक्त दोन-तीन साखळ्या. ९.७ ग्रॅमचे असे कण होतात ६.५ × १०¹⁷.

आता पृष्ठभाग. ३० नॅनोमीटरला ग्रॅममागे १९० चौरस मीटर, एकूण १८५० चौरस मीटर. एसडीएसचा एक रेणू ०.४५ चौरस नॅनोमीटर झाकतो असं धरलं, तर सगळे कण झाकायला लागतो २ ग्रॅम एसडीएस. घातलाय १८.१ ग्रॅम. उरलेला १६ ग्रॅम रिकाम्या मिसेलमध्ये बसून आहे. सुरुवातीच्या अगणित फुगलेल्या मिसेलांपैकी थोड्यांनाच मूलक मिळतं. बाकीचे आपला मोनोमर त्यांना देऊन रिकामे होतात. म्हणूनच ७ नॅनोमीटरच्या थेंबांतून ३० नॅनोमीटरचे कण निघतात. थेंबाचा साचा जसाच्या तसा पॉलिमर होतो ही समजूत इथेच गळून पडते.

---

उकळबिंदू

कणगणक यांनी मांडलेल्या दोन-तीन साखळ्यांचा परिणाम शुद्धीकरणात भोवतो. सल्फेटचे गट साखळ्यांच्या टोकांनाच असतात, म्हणजे कणामागे मोजून काही. डायलिसिसने एसडीएस पूर्ण काढला की कणांना एकमेकांपासून दूर ठेवणारं काही उरत नाही आणि पिशवीतच दही होतं. १२-१४ किलोडाल्टनची नळी, २० अंशांच्या वरचं पाणी (गार पाण्यात एसडीएस नळीतच स्फटिक होतो), दिवसातून दोनदा बदल, बाहेरच्या पाण्याची विद्युतवाहकता मोजत राहायची. ती उतरायची थांबली की थांबा, त्यापुढे ओढू नका. एसडीएस पूर्ण काढायचाच असेल तर पॉलिमरायझेशनच्या वेळीच थोडं सोडियम स्टायरीन सल्फोनेट घाला.

---

सूक्ष्मकण

डीएलएसबद्दल (विखुरलेल्या प्रकाशावरून कणांचा आकार मोजण्याची पद्धत) दोन गोष्टी जोडतो. मूळ मायक्रोइमल्शन पाण्याने विरळ करून मोजू नका. विरळ केलं की ते मूळ मायक्रोइमल्शन राहतच नाही. पॉलिमर झालेला लॅटेक्स मात्र विरळ करायलाच हवा. २० पट विरळ केल्यावर एसडीएस अजून १५ मिलीमोलरच्या वर राहतो आणि त्याची सीएमसी (मिसेल बनू लागण्याची संहती) ८ मिलीमोलर, म्हणजे रिकामे मिसेल अजून आहेतच. १०० पट विरळ करा, ३ मिलीमोलरवर येतं. पाण्यात थोडं मीठ, साधारण ५ मिलीमोलर.

प्रकाशाची तीव्रता व्यासाच्या सहाव्या घाताने वाढते. ६० नॅनोमीटरचा एक कण ३० च्या ६४ कणांइतका चमकतो. म्हणून डीएलएसचा आकडा टीईएमपेक्षा (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकापेक्षा) नेहमी थोडा मोठा येतो. टीईएमची जाळी करण्याआधी जास्तीचा एसडीएस काढला नाही, तर फक्त साबणाचे ढग दिसतात.

---

नवा_नमुना

शेवटी लॅटेक्स निळसर पारदर्शक न राहता दुधासारखा झाला तर कुठे शोधायचं?

---

उकळबिंदू

कधी झाला त्यावर अवलंबून आहे. तापवतानाच दुधाळ झाला, तर मायक्रोइमल्शनची सीमा ओलांडली, प्रमाण बदला. अर्ध्या अभिक्रियेनंतर झाला, तर संशय पेंटॅनॉलवर. ते पॉलिस्टायरीनला विरघळवत नाही. मोनोमर संपत जातो तसं पेंटॅनॉलचं वाटप बदलतं आणि रचना सीमेबाहेर जाते. स्टायरीन ७-८ टक्क्यांवर नेलं की हे लवकर होतं. संपल्यावर, ठेवल्या-ठेवल्या झाला, तर पीएच पाहा. परसल्फेट विघटित होताना आम्ल तयार होतं, आम्लात एसडीएसचं हायड्रोलिसिस होऊन डोडेकॅनॉल सुटतं. ०.०५ ग्रॅम खाण्याचा सोडा सुरुवातीला घातला तर पीएच सावरतो, पण प्रत्येक क्षार सीमाही थोडी हलवतो, म्हणून सोडा घालूनच पेंटॅनॉलचं टायट्रेशन परत करा.

पेंटॅनॉल नकोच असेल तर डीटॅब किंवा सीटॅब आणि व्ही-५० ही जोडी बघा. को-सर्फॅक्टंटशिवाय चालते. मोनोमरचं प्रमाण मात्र आणखी कमी ठेवावं लागतं.

---

कणगणक

५ टक्के घन पदार्थासाठी ९ टक्के साबण, हा व्यवहार उद्योगाला परवडत नाही. त्यावरचा उपाय म्हणजे मोनोमर एकदम न घालता उपाशी ठेवून थेंबाथेंबाने देणं. एमएमएला हे छान जमतं. सुरुवात अशी करता येईल: पाणी १५० ग्रॅम, एसडीएस २.४ ग्रॅम, अमोनियम परसल्फेट ०.१५ ग्रॅम, तापमान ७५ अंश, एमएमए २४ ग्रॅम सिरिंज पंपने मिनिटाला ०.२५ मिली. साधारण पावणेदोन तास लागतात, त्यानंतर आणखी एक तास त्याच तापमानाला ठेवा. पेंटॅनॉल नाही, साबण मोनोमरच्या दहाव्या हिश्श्याइतका आणि घन पदार्थ १३ टक्क्यांच्या पुढे.

कसोटी अशी की त्या क्षणापर्यंत घातलेल्या मोनोमरपैकी ९० टक्क्यांहून जास्त पॉलिमर झालेला असला पाहिजे. दर १५ मिनिटांनी नमुना घेऊन तपासा. कमी भरला तर पंपाचा वेग उतरवा. मोनोमर साठत गेला की कण फुगतात आणि हा साधा इमल्शनचाच प्रकार होऊन बसतो. एमएमए पाण्यात १.५ टक्के विरघळतं, स्टायरीनपेक्षा सुमारे पन्नास पट. त्यामुळे पाण्यातच साखळ्या सुरू होऊन नवे कण जन्मत राहतात, आणि ही पद्धत त्याचाच फायदा घेते. स्टायरीनला हीच कृती जशीच्या तशी लावू नका.

टीईएममध्ये पीएमएमए (एमएमएचं पॉलिमर) इलेक्ट्रॉनच्या झोताखाली आक्रसतं. तिथे व्यास लहान दिसला तर डीएलएसलाही विचारा.

---

नवा_नमुना

समजलं. स्टायरीनच्या बॅचसाठी क्रम असा ठेवतो: पेंटॅनॉलचं टायट्रेशन, ७० अंशांची कुपी-चाचणी, अमोनियम परसल्फेट, मेथॅनॉलच्या कुपी आधीच बर्फात, दर ३ मिनिटांनी ५ ग्रॅमचा नमुना. केपीएसऐवजी अमोनियम परसल्फेट घेताना वजन तेवढंच ठेवायचं का?

---

उकळबिंदू

नाही, मोल सारखे ठेवा. केपीएसचा रेणुभार २७०, अमोनियम परसल्फेटचा २२८. ०.१ ग्रॅमऐवजी ०.०८४ ग्रॅम. आणि दहा नमुने काढलेत तर चंबूत १५० ग्रॅमच उरेल, तेव्हा स्टररचं पातं आणि थर्मामीटर तेवढ्या पातळीलाही बुडालेले राहतील असा चंबू निवडा.